मार्कीज़च्या पुढे जायचं नसतं

बर्फाचा वास मला आदल्या संध्याकाळीच आला होता. रेडिओवाला म्हणत होता, शनिवारपर्यंत ऊन राहील. रेडिओवाल्याच्या बापजाद्यांनी कधी गाई राखल्या नव्हत्या. मी गास्तोंला म्हटलं, "उद्या कळप घेऊन गावात उतरायचं."

गास्तों माझा मुलगा. पन्नाशी उलटली त्याची, तरी मी काही सांगितलं की आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे, मग परत आभाळाकडे. जणू आम्हा दोघांत कोण जास्त खोटं बोलतं ते त्याला ठरवायचंय.

"आई, गावाला शनिवार सांगितलाय. रस्ता शनिवारी बंद करणार आहेत. लोक येतात बघायला, पोरं येतात."

"लोकांना दाखवायला उतरतो का आपण? बर्फात घसरून एखादीचा पाय मोडला तर ती पोरं येणारेत का तिला उचलायला?"

तो डहाळ्या तोडायला निघाला. म्हणजे पटलं.

सकाळी गाईंना सजवलं. बघायला कुणी नव्हतं म्हणून सजवायचं नाही, असं माझ्या घरात चालत नाही. प्रत्येकीच्या शिंगांमध्ये देवदाराची डहाळी आणि कागदी फुलं. मार्कीज़ला सगळ्यांत मोठा तुरा, आणि गळ्यात माझ्या सासऱ्यांची घाट, म्हणजे गाईची भली मोठी घंटा, जी उचलताना गास्तोंही आता कण्हतो. मार्कीज़ आमची म्होरकी. काळी, रुंद कपाळाची, आणि स्वतःला गाय समजत नाही. मला ती म्हणूनच आवडते.

आमच्या उतारावर दोन रिती आहेत. एक, कुरणावरून कळप घरी निघाला की गावातल्या हौदावर म्होरकी पाणी पिईपर्यंत तिच्या पुढे कुणी जायचं नाही. टपालाची बस असली तरी मागे थांबते, ड्रायव्हर खाली उतरून सिगारेट ओढतो. दुसरी रीत, वाटेत कळप चरत नाही. म्होरकी ज्या कुरणात पहिलं तोंड घालेल, त्या कुरणवाल्याच्या गोठ्याच्या दारावर तिचा तुरा लागतो आणि वसंत येईस्तोवर तिथेच राहतो. आमचा तुरा माझ्या सासूच्या काळापासून आमच्याच दारावर लागत आलाय. तिने मला या घरात आल्यावर पहिल्यांदा काय दाखवलं असेल तर तो खिळा.

खिंडीपासून गावापर्यंत रस्ता असा की एका अंगाला दगडी कुंपण आणि खाली ओढ्याची दरी, दुसऱ्या अंगाला दाट जंगल. कळपाला बाजूला व्हायला सबंध रस्त्यात एकच जागा. फिर्मांचं कुरण. आणि त्या कुरणाच्या वाटेच्या हक्कावरून मी आणि फिर्मां कोर्टात गेलो होतो. ती वाट आमची होती. आजही आमचीच आहे. न्यायाधीश शहरातून आलेला, पायांत पातळ बूट घालून. त्याला वाट काय कळणार. निकाल फिर्मांच्या बाजूने लागला तेव्हा मी डेअरीत, दूध घालायला आलेल्या सगळ्या गावासमोर म्हटलं होतं, "तुमच्या कुरणात माझ्या गाईचा खूर पडेल त्या दिवशी माझे हात गळून पडतील." शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकांना अरे-तुरे करायचो. त्या दिवसापासून अहो-जाहो.

तर आम्ही उतरत होतो. गास्तों पुढे मार्कीज़च्या बाजूने, मी काठी घेऊन शेपटाला. खाली दरीत धुकं भरलेलं, वर आभाळ शिशासारखं. घाटांचा आवाज असा घुमत होता की मागून काही येतंय हे मला कळलंच नाही, भोंगा वाजेपर्यंत.

मी वळले. पांढरा ट्रक, रुंद, मागे पेटी. ड्रायव्हरने पुन्हा भोंगा वाजवला.

मी त्याच्या खिडकीशी गेले. "कुणासाठी वाजवतोस? गाईंसाठी की माझ्यासाठी?"

पोर्तुगीज होता, चाळिशीचा, कपाळावर घाम. "बाई, मला पुढे जायचंय."

"पुढे सगळ्यांनाच जायचंय. तू मागे राहायची सवय कर."

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि माझी नात खाली उतरली.

सोलेन. गास्तोंची एकुलती. डोंगराच्या पल्याडच्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. शेवटचं मी तिला उन्हाळ्यात पाहिलं होतं, वर झोपडीत, कढईतलं चीज ढवळताना. आत्ता तिचा चेहरा त्या चीजपेक्षा पांढरा होता.

"आजी, तुम्ही शनिवारी उतरणार होतात ना?"

"बर्फ येणारे."

"हायवे बंद पडला तर हीच वाट, म्हणून मी खास बघून घेतलं होतं. शनिवारचा दिवस टाळून निघालो आम्ही." ती ओठ चावत होती. लहानपणी घागर फोडली की असेच चावायची. "खाली हायवेवर धुक्यात गाड्यांची टक्कर झालीय, सगळं बंद. म्हणून खिंडीतून वळलो. आजी, किती वेळ लागेल तुम्हाला गावात पोचायला?"

"गाईंना विचार. दुपार सरेल."

तिने ट्रककडे पाहिलं. मीही पाहिलं. पेटीच्या बाजूला काचेमागे एक बारका पडदा होता, त्यावर आकडे. त्याच्या खाली एक छोटा हिरवा दिवा. तो लुकलुकला, एकदा, आणि थांबला.

"काय आहे त्यात?"

"उन्हाळ्यात सांगितलं होतं ते."

उन्हाळ्यात सांगितलं होतं ते मला आठवत होतं, कारण मी तेव्हा तिला खूप हसले होते. ती म्हणाली होती, जगात ज्या ज्या कणांची आपण बनलोय, त्या प्रत्येकाला एक उलटा जोडीदार असतो. दिसायला तसाच, वजनाला तसाच, पण उलटा. दोघं भेटले की दोघंही संपतात. राख नाही, धूर नाही. "मग उरतं काय?" मी विचारलं होतं. "उजेड, आजी. आणि काही तुकडे, जे लगेच विरतात." मी म्हटलं होतं, "आणि तू असला माल राखतेस? कशात ठेवतेस, बादलीत?" ती म्हणाली होती, बादली चालत नाही, कारण बादली सुलट्याची बनलेली. आतला माल भिंतीला शिवला की गेला. म्हणून रिकाम्या पोकळीत, चुंबकांच्या जोरावर, कशालाही न टेकता ठेवायचा. मी म्हटलं होतं, "तुझ्या आजोबांनी पैसे असेच ठेवले होते, कशालाही न टेकता."

आत्ता मी हसले नाही.

"काय बिघडलंय ते सांग."

"वर खिंडीत जनरेटर बंद पडला. चुंबकाला जबरदस्त थंडी लागते, ती आता आतली शिल्लक आहे तेवढीच. हळूहळू गरम होतंय."

"किती गरम?"

"अजून इतकं थंड की तुझं बर्फ त्यापुढे तापलेला तवा. पण चढतंय. आणि गरम होताना भिंतींना गोठून चिकटलेली हवा सुटते. आपली साधी, सुलटी हवा. तिचा एकेक कण आत फिरायला लागतो आणि..." तिने हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. तो लुकलुकला. "तो एक गेला."

मी दिव्याकडे बघत राहिले. पुन्हा लुकलुकला.

"आणि हे असंच चढत राहिलं तर?"

"एका ठिकाणी चुंबक सोडून देईल. मग सगळे एकदम भिंतीवर."

"आणि स्फोट?"

"कसला स्फोट, आजी? सगळे गेले तरी चमचाभर दूध कोमट होणार नाही. कुणाला कळणारही नाही. दिवा लुकलुकेल आणि मग लुकलुकायचा थांबेल. एवढंच." तिचा आवाज बारीक झाला. "पाच वर्षं, आजी. आमच्या इथे यंत्रांचा इतका गोंगाट आहे की नीट वजन करता येत नाही. दूरच्या शांत जागी नेऊन वजन करायचं होतं. सुलटे नि उलटे खरंच सारखे असते, तर सुरुवातीलाच सगळं एकमेकांना भिडून संपलं असतं. तू नसतीस, मी नसते, डोंगर नसता. काहीतरी शिल्लक कसं राहिलं, ते शोधायचंय. वरच्यांनी एकच फेरी मंजूर केलीय. ही वाया गेली तर दुसरी देणार नाहीत."

"परत फिरा."

"वर वीज कुठे आहे? झोपडीतल्या दिव्यापुरती. मला डेअरी हवी. डेअरीत मोठी जोडणी आहे, तळघराच्या थंडाव्याची. तिथे लावलं की वाचेल. ट्रकने गेलं तर तंबाखूचा एक पाइप ओढून व्हायच्या आत पोचू."

डेअरी. डेअरी दुपारी बंद असते. आणि किल्ली डेअरीच्या अध्यक्षाकडे असते. सोलेनला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. अध्यक्ष फिर्मां.

फाटकही त्याचं, किल्लीही त्याची. देवाला कधी कधी एखाद्याची थट्टा करायची असते, तेव्हा तो असा नीट विचार करून करतो.

दिवा लुकलुकला. लगेच पुन्हा.

 मी काठी घेतली आणि कळपाच्या कडेने पुढे निघाले. या वयात मी धावत नाही, पण त्या दिवशी गाई माझ्याकडे वळून बघत होत्या.

गास्तोंच्या बरोबरीला आले तेव्हा मला दम लागला होता. "मार्कीज़ला फिर्मांच्या फाटकाशी थांबव."

"कुठे?"

"बहिरा झालास का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. या खेपेला आभाळाकडे नाही पाहिलं. "आई, तुला बरं वाटतंय ना?"

"तुझी पोरगी मागच्या ट्रकमध्ये आहे. थांबव."

फिर्मां फाटकाशीच होता. दर वर्षी असतो. घाटांचा आवाज आला की तोंडात पाइप धरून फाटकावर कोपरं टेकून उभा राहतो, आणि आमचा कळप जाईस्तोवर पलीकडच्या झाडांकडे बघतो. मीही समोर बघत जाते. आम्ही दोघंही एकमेकांना न बघण्यात तरबेज झालोय.

मी त्याच्यासमोर थांबले.

"फिर्मां, फाटक उघडा."

त्याने पाइप काढला. "काय म्हणालात?"

"तुम्हाला ऐकू आलंय."

"आलंय. पुन्हा ऐकावंसं वाटलं."

"फाटक उघडा. कळप आत घ्यायचाय, मागच्या ट्रकला जागा द्यायचीय."

"तुमचे हात तर जागेवर दिसतायत."

"गळतील ते गळतील. आधी फाटक."

तो हसला असता, पण तेवढ्यात सोलेन धावत आली, मागून ट्रकही कळपाला खेटून उभा राहिला. फिर्मांने ट्रकवरची पाटी वाचली. तो पेपर वाचतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जाहिरातींसकट. त्यामुळे त्याला अर्धवट बरंच ठाऊक असतं.

"हे ते प्रयोगशाळेचं आहे? त्यात काय आहे?"

मी सोलेनला डोळ्यांनी खुणावलं, पण ती माझ्यासारखी नाही, ती विचारलं तेवढं खरं सांगते. "प्रतिद्रव्य आहे, फिर्मां आजोबा."

त्याचा हात फाटकाच्या कडीवर होता. त्याने तो कडीवरून काढला नाही, उलट मूठ आवळली.

"हा रस्ता माझ्या दारावरून जातो."

"त्याने काही होणार नाही," सोलेन म्हणाली. "इतकं थोडं आहे की..."

"थोडं आहे तर एवढी धावपळ कशाला?"

"थोडं आहे म्हणूनच."

"पोरी, मी वाचलंय. चिमूटभराने शहर उडतं."

"चिमूटभर जगात कुठेच नाही. आमच्याकडे चिमटीच्या कोट्यवधी हिश्शाच्या हिश्शाएवढंही नाही."

"तू म्हणतेस."

"मी मोजते."

त्याने पाइप खिशात टाकला. मग माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वर क्लेमांस आहे. तिला आता उचलूनच हलवावं लागतं. मी तिला कुठे नेऊ?"

क्लेमांस त्याची बायको. भांडणाआधी आम्ही दोघी एकत्र जॅम करायचो. मी फाटकापलीकडच्या त्याच्या घराकडे पाहिलं. वरच्या खिडकीचा पडदा बाजूला होता.

मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं, जिभेवर रांग लागली होती. पण क्लेमांसचं नाव घेतल्यावर ते सगळं मागे गेलं.

"फिर्मां," मी म्हटलं, "ही गास्तोंची एकुलती पोरगी. ती त्या पेटीला पाठ लावून खिंड ओलांडून आली. मी माझी नात बॉम्बवर बसवीन?"

"तुमचा काय भरवसा."

"बरं. मग मी बसते. तुमच्या दारावरून ट्रक जाईल तेव्हा मी त्यात असेन. उडाले तर तुमचा खटला कायमचा मिटला."

ट्रकच्या काचेमागे दिवा आता मला न वळताही जाणवत होता. सोलेन त्याच्याकडे बघत नव्हती. ती फिर्मांच्या मुठीकडे बघत होती.

"आणि डेअरीची किल्ली तुमच्याकडे आहे," मी म्हटलं. "तीही हवीय."

"अजून काही? माझी टोपी?"

"टोपी राहू द्या. तुमच्याखेरीज ती कुणाला शोभत नाही."

फिर्मांने वर खिडकीकडे पाहिलं. काय दिसलं त्याला माहीत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ पाहिलं, की मलाच तो वेळ बराच वाटला. मग त्याने कडी काढली.

"मीही बसतो ट्रकमध्ये," तो म्हणाला. "किल्ली मी कुणाच्या हातात देत नाही."

फाटक उघडलं. पण मार्कीज़ आत जाईना.

तिला घर ठाऊक होतं, हौद ठाऊक होता, आणि हे घर नाही हेही ठाऊक होतं. ती फाटकात चारी पाय रोवून उभी राहिली, तुरा ताठ. गास्तोंने ढकललं, तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात काढला. मागे कळप तुंबला, घाटा आदळायला लागल्या. सोलेन म्हणाली, "आजी." फक्त एवढंच म्हणाली.

मी मार्कीज़च्या पुढे जाऊन उभी राहिले. म्होरकीच्या पुढे कुणी जात नाही; मी गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला. माझ्या हाताखाली तिचं कपाळ गरम होतं. मी मागे न बघता फिर्मांच्या कुरणात चालत गेले, आणि ती माझ्या मागे आली. मग सगळ्याच आल्या.

कुरणात गवत होतं, ओलं, पुन्हा उगवलेलं, शरदातलं. मार्कीज़ने खाली वास घेतला. मी मनात म्हटलं, नको. तिने मान खाली घातली आणि घासभर गवत ओढलं. तुऱ्यातली फुलं मातीला टेकली.

घाटांचा आवाज बदलला. चालताना गाईच्या घाटेचा आवाज वेगळा, चरताना वेगळा. रस्त्याकडेला गास्तोंने तोंड दुसरीकडे फिरवलं. फिर्मांने बघितलं, आणि टोपी मागे सरकवली.

"चला," मी म्हटलं. "की आमंत्रण हवंय?"

केबिनमध्ये चौघं दाटीवाटीने बसलो. ड्रायव्हर, त्याचं नाव ज़ेफेरीनो, मग सोलेन मांडीवर पेटीचा दुसरा छोटा पडदा घेऊन, मग मी, मग दाराशी फिर्मां. त्या पडद्यावरही तसाच हिरवा दिवा होता. लुकलुकायचा आता थांबतच नव्हता. शेळीच्या गळ्यातल्या घुंगरासारखा चालला होता.

फिर्मांच्या दारावरून गेलो तेव्हा त्याने खिडकीची काच खाली केली आणि वर बघत हात केला. वरून काय उत्तर आलं ते मला दिसलं नाही. पण त्याने काच वर करताना नाक ओढलं, आणि मी समोर बघितलं.

"प्रत्येक लुकलुक म्हणजे एक?" त्याने विचारलं.

"एक उलटा आणि एक सुलटा," सोलेन म्हणाली. "जोडीने जातात."

"आणि तो उजेड कुठे जातो?"

"सगळीकडे. पेटीच्या बाहेर, आपल्या आरपार."

"आपल्या?" त्याने छातीवर हात ठेवला. "माझ्या आरपार?"

"हो."

"मला तर काहीच कळलं नाही."

"तुम्हाला कधी काय कळलंय," मी म्हटलं.

ज़ेफेरीनो हसला आणि लगेच गप्प झाला, कारण पडद्यावरचा आकडा लाल झाला होता. सोलेनने त्याला बोटं लावली, तापलेल्या कपाळाला लावतात तशी.  ज़ेफेरीनोने गाडीचा वेग वाढवला. त्या वळणांवर मी एरवी त्याच्या बापाचा उद्धार केला असता. त्या दिवशी मी समोरची कडी धरली आणि मनात म्हटलं, अजून जोरात.

गावात हौदाशी एक म्हातारी सोडून कुणी नव्हतं. तिने ट्रक पाहिला, आत मला फिर्मांच्या शेजारी बसलेली पाहिली, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. तिचं नाव सांगत नाही; तिने ते पुढे गावभर सांगितलंच.

डेअरीच्या मागच्या दाराशी ट्रक लावला. फिर्मां उतरला, किल्ली काढली, आणि ती कुलपात जाईना.  त्याने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मी किल्ली घ्यायला हात पुढे केला. त्याने दिली नाही. मी त्याच्या मनगटाला खालून आधार दिला, एवढंच. किल्ली गेली.

"तळघराचा थंडावा बंद करावा लागेल," सोलेन म्हणाली.

"खाली सगळ्या गावाचं चीज आहे," फिर्मां म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने स्वतःच खटका खाली ओढला. जाड वायर ओढत सोलेन आणि ज़ेफेरीनो आले. जोड बसली. ट्रकमधून आधी काही नाही, मग एक घरघर, मग पंपाचा ठोका, संथ, म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा.

आम्ही सगळे दिव्याकडे बघत उभे राहिलो. लुकलुक, लुकलुक. मग जरा थांबून. मग आणखी थांबून. मग नाही.

फिर्मांने सुटकेचा श्वास सोडला. "थांबलं. वाचलं."

सोलेन पांढरीफटक पडली होती. "किंवा संपले," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थंड झालं तरी दिवा थांबतो. आत काहीच उरलं नाही तरी थांबतो."

मला त्या क्षणी कळलं की तिने पाच वर्षं कसल्या मालाची राखण केली. गाय मेली तर पडते, दूध नासलं तर वास येतो. हिचा माल गेला तर काहीच होत नाही. त्याच्या असण्याची आणि नसण्याची खूण एकच.

"मग कसं कळणार?"

"ऐकावं लागेल." ती पडद्यापुढे बसली. "आत असतील तर ते फिरत असतात, चुंबकाच्या भोवती, एका ठरलेल्या सुरात. तो सूर इतका बारीक की थंडी पूर्ण उतरल्याशिवाय ऐकू येत नाही. वाट बघायची."

वाट बघितली. फिर्मांने कोपऱ्यातली दुधाची रिकामी बादली उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मी बसले. दुसरी त्याने स्वतःसाठी घेतली. बाहेर आभाळ आणखी खाली आलं होतं. खिडकीबाहेर एक पांढरं काहीतरी तरंगत गेलं, मग दुसरं.

"बर्फ," फिर्मां म्हणाला.

"मी काल सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलंत कुठे."

पडद्यावर एक सरळ रेघ होती, थरथरणारी, मुंग्यांची रांग असावी तशी. सोलेन तिच्यावरून डोळे काढत नव्हती. मीही बघत होते, मला कळत काही नव्हतं, पण बघत होते. गाय विताना मी अशीच बघते. हात घालायची वेळ येईपर्यंत हात मांडीवर ठेवायचे.

रेघेत मधोमध एक खळगा पडायला लागला. आधी वाटलं मला भास होतोय. मग तो खोल झाला.

सोलेनने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"आहे?" मी विचारलं.

"आहेत, आजी." ती हाताआडून बोलत होती. "थोडेच. पुष्कळ गेले. पण आहेत."

"थोड्यांनी भागेल?"

"वजन करायला एक पुरतो."

ज़ेफेरीनोने छातीवर क्रॉसची खूण केली आणि बाहेर सिगारेट ओढायला गेला. फिर्मां उठला, रेघेजवळ वाकला, टोपी काढली, कशासाठी कुणास ठाऊक. मी बसून राहिले.  मी म्हटलं, "आता माझ्या गाईंचं कोण बघणार?"

गास्तोंने अंधार पडायच्या आत कळप घरी आणला. हौदावर मार्कीज़ पाणी प्यायली, जणू वाटेत काही घडलंच नाही. मी तिच्या शिंगांमधून तुरा सोडला. फुलांना चिखल लागला होता, डहाळीला फिर्मांच्या कुरणातलं गवत चिकटलं होतं. गास्तों आमच्या दारावरच्या खिळ्याशी उभा होता, हातोडी घेऊन.

"आई, कुणी पाहिलं नाही," तो म्हणाला. "शनिवार नव्हता."

मी त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि तुरा घेऊन फिर्मांकडे गेले.

तो क्लेमांसला सूप भरवून खाली आला होता. मला दारात बघून त्याने कपाळाला हात लावला. "राहू दे, एर्मीन. कोण बघतंय."

"मी बघितलं. आणि मार्कीज़ने खाल्लं. खिळा कुठे आहे?"

त्याच्या दारावर खिळा नव्हताच. तिथे कधी कुणाचा तुरा लागला नव्हता. त्याला शोधायला लागला, आणि मी बर्फात उभी राहिले. मग मी स्वतः ठोकला, कारण त्याने ठोकला असता तर वाकडा गेला असता.

"आणि ऐका," मी म्हटलं, "ही वाट तुमची झाली असं समजू नका."

"मी काही म्हटलंय का?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

वरच्या खिडकीत क्लेमांस होती. तिने काचेवर बोटाने टकटक केलं. मी मान हलवली.

सकाळी दुसरा जनरेटर आला आणि सोलेनचा ट्रक बर्फातून हळूहळू निघून गेला. महिन्याभराने तिचा फोन आला. वजन करून झालंय, आता आकड्यांवर आकडे चालू आहेत, उत्तर यायला वर्षं लागतील. मग म्हणाली, "आजी, तिथल्या सगळ्यांना मी ती गोष्ट सांगते. तू आणि फिर्मां आजोबा एका केबिनमध्ये बसलात, आणि दोघंही शिल्लक राहिलात."

मी म्हटलं, "त्यात नवल काय? मी उलटी नाही. उलटा तोच आहे."

तुरा माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. वाऱ्याने त्याची फुलं एकेक करून जातायत, आणि फिर्मां रोज सकाळी दार उघडताना मुद्दाम वर बघतो, मला दिसेल असा. पुढच्या शरदात निघण्याआधी मार्कीज़ला मी पोट फुटेस्तोवर चारा घालणार आहे.